दिवाळीत पाच दिवस मशीन बंद : कामाच्या नोंदी

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार

गणवेश शिवून संपले. शेवटच्या शर्टाची बटणं चौदा तारखेच्या रात्री साडेअकराला लावली. पंधराला सकाळी पोरं झेंड्यासमोर उभी होती तेव्हा मला त्यांचे चेहरे दिसत नव्हते, कॉलरी दिसत होत्या. आमच्याकडे विदर्भात शाळा उशिरा उघडते, यंदा २३ जूनला उघडली. त्यामुळे गणवेशाला जेमतेम सात आठवडे मिळतात.

आज वही उघडून पहिल्या पानावर नवीन कामाचं नाव लिहिलं : दिवाळीत पाच दिवस मशीन बंद. तारखाही लिहिल्या, २२ ते २६ ऑक्टोबर. पाडव्याला दुपारी निघायचं, भाऊबीज माहेरी करायची, रविवारी परत यायचं. माहेर वरुडकडे, सासर दारव्हा तालुक्यात. दारव्हा, नेर, अमरावती, मोर्शी, वरुड असा गाड्या बदलत प्रवास. अर्ध्या तिकिटामुळे पैशाचं काही वाटत नाही, पण सगळा दिवस जातो.

हे लिहून ठेवायचं कारण मागची भाऊबीज. मी गेले नाही म्हणून भाऊच आला. ओसरीत मशीनजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. मी ओवाळायला उभी राहिले तर म्हणाला, "ताई, गळ्यातला टेप तरी काढ."

धंद्याची माहिती एकदाच लिहिते. जागा घराची ओसरी. मशीन दोन. एक लग्नातली पायाची, दुसरी मोटरची, विश्वकर्मा योजनेच्या पंधरा हजारांच्या टूलकिटात मिळालेली. दर असे : साधा ब्लाऊज १५०, अस्तरचा ३०० (अस्तर माझं), फॉल-पिको ७०. तुरपाई आणि हूक लावायला शेजारची सुनंदा येते, तिला ब्लाऊजमागे पंधरा रुपये.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदेमळणी, उद्या पोळा. हे बैलांचे खांदे लोण्या-हळदीने चोळत होते आणि मी महालक्ष्म्यांचे ब्लाऊज शिवत होते. यंदा नऊ घरच्या आल्या, म्हणजे अठरा ब्लाऊज. कोठ्यांचं, म्हणजे मुखवटे बसवतात त्या धडांचं, माप दरवर्षी तेच. हात उचलून दाखवा म्हणायला नको, बगलेत कसतंय अशी तक्रार नाही. सगळी गिऱ्हाइकं अशी असती तर बारा महिने माहेरी राहिले असते.

३ सप्टेंबर, बुधवार

महालक्ष्म्या काल उठल्या. आज हिशोबाला बसले.

अस्तरच्या एका ब्लाऊजला मला मशीनवर दोन तास लागतात, हातकाम वेगळं. दिवाळीच्या दिवसांत पहाटे धरून नऊ तास बसले तर दिवसाला चार होतात. १ ते २० ऑक्टोबर वीस दिवस, म्हणजे ऐंशी ब्लाऊज. मागच्या दिवाळीत रजिस्टरमध्ये ९४ आहेत. वरचे चौदा कुठून निघाले ते मला माहीत आहे. रात्री एक वाजेपर्यंत बसून निघाले, आणि भाऊबीजेतून निघाले.

तेव्हा आकडा ठरला, ऐंशी. दारावर पाटी लावली : दिवाळीचं कापड ५ ऑक्टोबरपर्यंतच घेतलं जाईल. मुलीने स्केचपेनने लिहिली, बाजूला पणती काढली. हे म्हणाले, पाटी वाचून कापड आणणारं गाव दाखव मला.

११ सप्टेंबर, गुरुवार

पित्रं सुरू आहेत. नवं कापड कुणी आणत नाही. चार दिवसांत दोन परकर उसवले, एका पँटची चेन बदलली, एवढंच काम.

खरं म्हणजे माझ्या धंद्याची सुट्टी हीच. सर्वपित्रीपर्यंत ओसरी रिकामी. पण या दिवसांत मुलांची शाळा चालू, घटक चाचणी चालू, भाऊही संत्र्याच्या बगिच्यात फवारणीला. सगळ्यांना सुट्टी असते तेव्हा मला काम, आणि मला सुट्टी असते तेव्हा कुणालाच नाही. दुकानदारीचं हे असंच असतं म्हणतात. शिवणकाम घरून केलं म्हणून वेगळं काही होत नाही. उलट घरी असल्यामुळे बंद आहे हे कुणाला पटत नाही. दुकानाला शटर असतं. ओसरीला काय लावणार?

मशीनचं सर्व्हिसिंग केलं. शटल काढून ब्रशने झाडलं. आत एवढा लिंट होता की त्याची वात झाली असती. तेल घातलं, जुन्या चिंधीवर दहा मिनिटं कोरी शिलाई चालवली.

सासूबाई खाटेवरून पाहत होत्या. त्या दिवाळीला शकुंतला रेल्वेने माहेरी जायच्या. दारव्हा मोतीबागला बसायचं, मूर्तिजापूरला उतरायचं. "गाडी येवढी हळू चाले का माणूस उतरून चालत गेला तरी पोचे," म्हणाल्या. पंधरा-पंधरा दिवस राहायच्या. मी म्हटलं, आई, तुमच्यामागे मशीन नव्हती. त्या म्हणाल्या, "मशीन नोती, पण म्हशी दोन होत्या वं." म्हशी कोण पाहायचं ते विचारायचं राहिलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. आजपासून शिलाई मशीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. महिनाभर इंटरलॉक मशीन, कापडाच्या कडा बांधणारं, घ्यायचं मनात होतं, म्हणून मुद्दाम थांबले होते. तालुक्याला एका दुकानात विचारलं तर म्हणाला, माल जुन्या भावाचा आहे. मग दुसऱ्या दुकानात विचारलंच नाही.

बसमध्ये परत येताना हिशोब केला. इंटरलॉकने ब्लाऊजमागे फार तर दहा मिनिटं वाचतात. माझं घोडं तिथे अडलेलं नाही. ऐंशी ब्लाऊजांचं कापड वीस दिवसांत सारखं वाटून आलं असतं तर माझी आहे तीच मशीन पुरली असती. ते तसं येत नाही, शेवटच्या आठवड्यात एकदम येतं. मशीन घेऊन काय करू?

२९ सप्टेंबर, सोमवार

पाऊस उघडत नाही. सोयाबीन पिवळं होऊन वावरात उभं आहे, शेंगा काळ्या पडायला लागल्या. हे दिवसातून चार वेळा आभाळ पाहतात.

पाटी लावून सव्वीस दिवस झाले. कापड आलं सात जणींचं. त्यातल्या चार अंगणवाडी आणि शाळेतल्या, म्हणजे महिन्याला पगार असलेल्या. बाकीच्या पाटी वाचतात, पणती छान काढली म्हणतात आणि जातात. आज दळणाला गेले तेव्हा एकीला जरा रागातच विचारलं, सगळ्यांनी मिळून शेवटच्या दिवशीच यायचं ठरवलंय का? ती म्हणाली, "कापड आणू कुठून वं ताई? सोयाबीन वावरात उभं हाय. ते इकल्यावर साडी, साडी आल्यावर बिलाउज."

वाटेभर तेच डोक्यात होतं. घरी येऊन जुनी रजिस्टरं काढली. २०२३ ची, २०२४ ची. कापड आल्याची तारीख मी दरवर्षी लिहिते, पण ती पाहिली कधीच नव्हती.

२०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, सगळे सण उशिरा आले होते. निम्म्याहून जास्त कापड दिवाळीच्या पंधरा दिवस आधीच आलेलं. त्या वर्षी मी माहेरी आठ दिवस राहिले होते आणि मला वाटलं होतं, धंदा जमला बुवा आपल्याला.

२०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. कापड आधीचे दहा दिवस. धावपळ झाली, भाऊबीज बुडाली. तेव्हा वाटलं, मी हावरट झाले, नाही म्हणता येत नाही मला.

आणि यंदा २१ ऑक्टोबर.

दिवाळी दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकली. सोयाबीन मात्र सरकत नाही. ते दसऱ्याच्या आगेमागे सोंगायला, म्हणजे कापायला येतं, सोंगून, हडंब्यातून (मळणी यंत्रातून) काढून, बाजारात जाऊन हातात पैसा यायला ऑक्टोबरचा मध्य उजाडतो. २०२३ ला गावाच्या हातात पैसा येणं आणि दिवाळी यांच्यात जवळजवळ महिना होता. यंदा आठवडा आहे. पाऊस असाच राहिला तर तोही नाही.

म्हणजे मी त्या वर्षी काही हुशार नव्हते आणि मागच्या वर्षी काही हावरट नव्हते. पाटी काढली. पणतीचा भाग कापून मुलीने कंपासात ठेवला.

१ ऑक्टोबर, बुधवार

नवीन ठरवलं. पैसा नाही, कापड नाही, पण अंग तर आहे. नाप आधी द्या, कापड मागून आणा.

नाप दिलं की रजिस्टरमध्ये नंबर. एक ते ऐंशी. नंबर असेल त्याचंच कापड घेणार, १७ तारखेपर्यंत, म्हणजे वसुबारसेपर्यंत. ऍडव्हान्स मागायचा नाही, कारण तोच तर नाही कुणाकडे. ज्यांच्या खात्यात लाडक्या बहिणीचा हप्ता पडला त्यांचाही पहिला पैसा किराण्याला जातो, ब्लाऊजला नाही.

मधल्या रिकाम्या दिवसांत प्रत्येकीचा कागदी फर्मा कापून ठेवायचा. पाठ, पुढा, कटोरी, बाही. वर्तमानपत्रावर आखायचं, वर नंबर टाकायचा, सुतळीने बांधायचं. कापडावर माप आखत बसण्यात वेळ जातो. फर्मा तयार असला की ब्लाऊजमागे अर्धा तास सुटतो. इंटरलॉकने दहा मिनिटं सुटणार होती, वर पैसे जाणार होते.

अस्तर कापून ठेवता येत नाही, साडीचा रंगच माहीत नाही. पण ते पाण्यातून काढून ठेवता येतं. सुती अस्तर न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड फुग्यासारखं उभं राहतं. दर दिवाळीत घाईने मी हेच करते आणि दर संक्रांतीला त्याचं उसवकाम येतं. यंदा मरून, काळं, हिरवं, राणी आणि पांढरं असं अस्तर एकदम आणलं, बादलीत बुडवलं. वाळत घातलं आणि पाऊस आला. घरभर दोऱ्या बांधल्या. सासरे जेवायला बसले तर ताटावर मरून अस्तर.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. नापं बावन्न झाली. आमच्या गल्लीत भुलाबाई बसते, त्यामुळे संध्याकाळी बायका जमतातच. मी टेप आणि रजिस्टर घेऊन तिथेच गेले. पोरी गाणी म्हणत होत्या, मी बाजूला कंदिलाखाली छाती-कंबर घेत होते. खिरापत ओळखायच्या वेळी एक आजी म्हणाल्या, "खिरापत नंतर, आधी माझी बाही मोज." त्यांच्यासोबतच एकोणीस नापं झाली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पाऊस उघडला आणि सगळं गाव वावरात गेलं. सोंगणी हुंड्याने, म्हणजे ठेक्याने चालली आहे. सुनंदा सकाळी येऊन सांगून गेली, "ताई, मी आता दहा दिवस येत नाई." सोंगणीत तिला दिवसाचे जेवढे मिळतात तेवढ्यासाठी माझ्याकडे पंचवीस-तीस ब्लाऊजांची तुरपाई करावी लागेल, आणि तेवढे ब्लाऊज माझ्याकडे दिवसाला होतच नाहीत. तिला काय म्हणणार? डबा भरून दिला.

हे माझ्या हिशोबात नव्हतं. ज्या सोयाबीनमुळे कापड उशिरा येतं, तेच सोयाबीन माझा हात घेऊन जातं, तेही त्याच दिवसांत. दोन्हीकडून मीच.

सासूबाई म्हणाल्या, हूक मी लावते. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, एक व्हायचंय. सुया ओवून द्याव्या लागतात. मुलीने शाळेत जायच्या आधी वीस सुया ओवून गादीच्या कडेला टोचून ठेवल्या. सासूबाईंचा टाका पाहिला, माझ्यापेक्षा बारीक आहे. फक्त त्या हूक घालताना शेवटचा नेहमी उलटा घालतात. काऊन, तर म्हणे तसा तो सुटत नाही. खरंच सुटत नाही. मी चालू दिलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काल आमचं सोयाबीन गेलं. हमीभाव ५,३२८. व्यापाऱ्याने ओल आहे, डाग आहे म्हणून ३,८०० लावला. सरकारी खरेदी केंद्र सुरू व्हायची वाट पाहणं परवडत नाही, सगळ्यांची तीच गोष्ट, दिवाळी समोर आहे. हे काही बोलले नाहीत. पैसे मोजून कपाटात ठेवले आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

आज एका दिवसात एकवीस जणींचं कापड आलं. ओसरीत पिशव्यांचा ढीग. नंबर पाहून फर्म्याची गुंडाळी पिशवीत टाकायची, अस्तर जोडायचं, खुंटीला टांगायचं. मागच्या वर्षी याच कामाला, नाप घेऊन गप्पा मारून, रात्र झाली असती. आज चार वाजता मी मशीनवर बसलेही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार (लिहितेय १७ ला)

रात्री साडेबाराला घोळ केला. सविस्तर लिहिते, पुन्हा होऊ नये म्हणून.

नंबर ३४. जांभळी साडी, त्यातलाच रनिंग ब्लाऊज पीस, जरीची बुटी. पीस अरुंद निघाला. दुहेरी घडीवर फर्मा बसेना, म्हणून घडी उलगडली आणि पुढे एकेक कापायचं ठरवलं. घडीवर कापलं की डावा-उजवा आपोआप होतो. उलगडून कापताना दुसऱ्या वेळी फर्मा पालथा करावा लागतो. मी केला नाही. दोन्ही पुढे उजवे कापले गेले. साधं कापड असतं तर एक उलटं करून लावलं असतं. जरीच्या बुटीची उलटी बाजू म्हणजे नुसते दोरे.

कात्री खाली ठेवली तेव्हाच कळलं. टेबलावर दोन पुढे शेजारी ठेवले होते आणि दोघांचे गळे एकाच दिशेला पाहत होते.

उरलेला तुकडा तळहाताएवढा. त्या रंगाचं, त्या बुटीचं कापड बाजारात मिळत नाही, ते साडीसोबतच विणलेलं असतं. साडी माझ्याकडेच होती, फॉल लावायला आली होती. साडीचं आतलं टोक, जे कमरेला खोचलं जातं आणि कुणाला दिसत नाही, तिथून वीतभर रुंदीची पट्टी काढली तर एक पुढा निघतो. हा इलाज जुना आहे. पण विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या साडीला कात्री लावायची नाही. झोप आली नाही ते नाहीच.

सकाळी सहाला तिच्या दारात. ती सडा टाकत होती. सगळं सांगितलं. तिने हातातली बादली खाली ठेवली, जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "मले काय, काप. मी कुठं येवढी लठ्ठ हावो का साडी पुरणार नाई." वर म्हणाली, "फॉलचे पैसे नाई देत मंग." कबूल म्हटलं. दहा वाजेपर्यंत ब्लाऊज उभा होता.

आजपासून रात्री अकरानंतर कापायचं नाही. शिवायचं, उसवायचं, इस्त्री करायची, कापायचं नाही. हे भिंतीवर खडूने लिहिलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

कापड घेणं परवाच बंद केलं. ऐंशी नंबरांपैकी सहा आल्या नाहीत, त्यांच्या जागी वाट पाहणाऱ्या सहा घेतल्या. बाकीच्यांना नाही म्हटलं. अकरा जणींना. पाच जणी तालुक्याला गेल्या, बाकीच्यांनी संक्रांतीला देऊ म्हटलं. नाही म्हणायला मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही, कारण रजिस्टर पुढे धरता येत होतं. ऐंशीच्या खाली रेघ मारलेली. लोक माझ्याशी भांडतात, रेघेशी भांडत नाहीत.

एकीशिवाय. चुलतजाऊ. नाप दिलं नाही, कापड आणलं नाही, काल संध्याकाळी सरळ स्वयंपाकघरात येऊन बसली. "घरच्या माणसाले नंबर पायजेन का?" सासूबाई हूक लावता लावता म्हणाल्या, घे वं. घेतला. रजिस्टरमध्ये रेघेच्या खाली ८१ लिहिलं. एवढंच मोडलं, पण मोडलं.

लक्ष्मीपूजन वीसला की एकवीसला यावरून गावात दोन पार्ट्या आहेत. मंदिरातले एकवीस म्हणतात, मोबाईलवाले वीस. मला याचा त्रास असा की वीसवाल्यांना ब्लाऊज एक दिवस आधी पाहिजे. कॅलेंडर काढून दारात टांगलं, त्यात एकवीस आहे.

दुपारी तीन तास लाईन नव्हती. पायाच्या मशीनवर बसले. पिंडऱ्या भरून आल्या, पण टाका काय सरळ पडतो तिचा!

२१ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी पाचपर्यंत अठ्ठ्याहत्तर गेले. पूजेत झाडू, पैसे आणि रजिस्टर ठेवलं. तीन बाकी, तिन्ही भाऊबीजेचे. २५, ६७ आणि अर्थात ८१.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज दुपारी निघायचं होतं. ८१ चा हातोपा दोनदा उसवला, जाऊबाईंना आधी कोपरापर्यंत पाहिजे होता, मग वर पाहिजे झाला. पाच वाजले. गाडी गेली. यांनी ओवाळून घेतलं आणि काही न बोलता सकाळच्या पहिल्या बसची वेळ विचारून आले. पिशवी भरली. टेप खुंटीला टांगला, मग काढून मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि किल्ली सासूबाईंना दिली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. माहेरून

काल पहिल्या बसने निघालो. अमरावतीला तासभर उभं राहावं लागलं, मुलगा पिशवीवर झोपला. चारला पोचलो. भाऊबीज झाली. भावाने गळ्याकडे पाहिलं, टेप नव्हता.

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू आहे. यंदा गळ फार झाली म्हणतात, झाडाखाली फळांचा सडा आहे. मुलं दिवसभर तिथेच, हाताला सालीचा वास.

फोन काल सात, आज तीन. एकीचा ब्लाऊज बगलेत कसतो, एकीला गेलेल्या पिशवीत लटकन सापडत नाही. सगळ्यांना सोमवारी या म्हटलं. आज दुपारी फोन धान्याच्या कोठीवर ठेवला आणि झोपले. दोन ते साडेपाच. आईने उठवलं नाही. किती दिवसांनी दुपारची झोपले ते आठवेना.

संध्याकाळी वहिनीने साडी आणली. "ताई, तुम्ही आलाच आहात तर फॉल." आईची जुनी मशीन आहेच घरात. लावून दिला. तो धंद्यात धरत नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

काल रात्री परतलो. बंद दिवस : २३, २४, २५, २६. पाचाचे चार झाले.

हिशोब. अस्तरचे ५८, साधे २३, फॉल-पिको ३६. पैकी नंबर ३४ चा फॉल फुकट. म्हणजे १७,४०० अधिक ३,४५० अधिक २,४५०, एकूण २३,३००. त्यातून अस्तर, दोरा, हूक, पायपिंग जाऊन आणि सासूबाईंच्या हातकामाचे पैसे देऊन (नको म्हणाल्या, मग मोजून घेतले) उरलं ते मागच्या वर्षीपेक्षा अडीचेक हजारांनी कमी. उधारी सहा हजारांच्या वर आहे. ती कपाशीची दुसरी वेचणी होईपर्यंत मागायची नाही.

सकाळपासून चार दुरुस्त्या आल्या. त्यात बगलेत कसणारा एकच, तोही साखरेच्या पाकाचा दोष, नापाचा नाही. हूक निघाल्याची तक्रार एकही नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

कार्तिकी एकादशी. आजपासून तुळशीची लग्नं, मग माणसांची. म्हणजे लक्ष्मीपूजन ते आज एवढीच माझी फट होती, हेही आधी कधी लक्षात आलं नव्हतं. पुढच्या वेळी भाऊबीजेला धरून बसण्यापेक्षा नंतरचे दिवस घेता येतील, मुलांची सुट्टी असते तोवर.

कॅलेंडरवाल्याकडून नवीन कॅलेंडर आणलं. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जावयांसोबत लेकींच्याही साड्या, ते काम उन्हाळ्यात, शाळा बंद असताना, ऐन माझ्या माहेरच्या दिवसांत. आणि दिवाळी परत उशिरा येते, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तोवर सोयाबीन विकून तीन आठवडे झालेले असतील, सुनंदाही मोकळी असेल. तेव्हा दिवाळीत आठ दिवस लिहिले, पेन्सिलने. मे महिन्यासमोर प्रश्नचिन्ह टाकलं.

लिहीत होते तोच नंबर ३४ आली. अंगात जांभळा ब्लाऊज, हातात पिशवी. पुतणीचं लग्न आहे, डिसेंबरात. पिशवीतून पाच साड्या काढल्या आणि पहिल्यांदा म्हणाली, "आता दिवसा कापजो बाप्पा."